हौद मागे आहे

मावशीने देवगाव रंगारीजवळच्या नाष्ट्याच्या हॉटेलला एक तारा दिला. त्या हॉटेलात तिला मी पाठवलं होतं.

मागच्या हिवाळ्यात याच ब्लॉगवर मी लिहिलं होतं, की वेरूळच्या पुढे, देवगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे आणि तिथल्यासारखं धपाटं मी कुठे खाल्लेलं नाही. वाट बघावी लागली नाही. मागावंही लागलं नाही. तव्यावरून थेट ताटात. तुमच्यापैकी बरेच जण ते वाचून गेले. काहींनी परत येऊन मला आशीर्वाद दिले. काहींनी जे दिलं ते इथे लिहिता येत नाही.

मावशी छत्रपती संभाजीनगरला, समर्थनगरात राहते. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढून निवृत्त झाली आहे. दिवाळीनंतर ती भिशीतल्या तीन मैत्रिणींना घेऊन तिथे गेली. परत आली ती उपाशी. घरी येऊन तिने मोबाइलवरच्या नकाशात त्या हॉटेलखाली लिहिलं: "पाऊण तास बसलो. पाणी दिले, बाकी काही नाही. आमच्या मागून आलेले खाऊन गेले. माणसं बघून वाढतात." मग तिने मला फोन करणं बंद केलं.

मी त्या हॉटेलचे सगळे अभिप्राय वाचून काढले. मधलं कुणी नव्हतं. पाच तारे, नाहीतर एक. "बसलो आणि ताट आलं, आजोळी आल्यासारखं वाटलं." "आम्ही कुणाला दिसतच नव्हतो." यातले दोन तर एकाच रविवारचे होते, एकाच सकाळचे. दोघांनी फोटोत एकच निळं टेबल काढलं होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला हुरूप आला. एका टेबलावर दोन सकाळी कशा होतात, हे बघायला दोनशे पस्तीस किलोमीटर जास्त नाहीत. मी मावशीला फोन केला.

"रविवारी परत जायचं. तू आणि मी."

"मी घरून खाऊन निघेन."

"चालेल."

"डबाही घेईन."

"घे. पण तू खाऊन निघणार ना?"

"तुझ्यासाठी गं. तू उपाशी राहशील."

शनिवारी दुपारी पुण्याहून निघाले. अहिल्यानगरला चहाचा थांबा धरून साडेपाच तास लागले. रस्ता चांगला आहे. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, एवढंच लक्षात ठेवा. मावशीने दार उघडलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "आलीस? ये. तुझ्या धपाट्यांचं पुरे झालं, आता वरण-भात खा." म्हणजे अबोला पुरता संपला होता. राग नव्हता संपला.

रविवारी पावणेसातला निघालो. थंडी होती. काचेवरचं दव पुसायला वर्तमानपत्र लागलं. छावणी, पडेगाव, मिटमिटा, आणि मग दौलताबादचा किल्ला उजेडात वर येताना. मी तो शाळेपासून बघते आहे. या वेळीही गाडी हळू केली. किल्ल्यापाशी रस्ता जुन्या दरवाजातून जातो आणि दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते. समोर ट्रॉली असेल तर हॉर्न वाजवू नका. ट्रॉलीवाला मागे जात नाही, आपणच जायचं असतं. आम्ही गेलो.

घाट चढून खुलताबादला पेरू घेतले, चाळीस रुपयांचे अर्धा किलो. विकणाऱ्या बाईंनी चार फाका करून तिखटमीठ लावून दिले. मावशीने गाडीत सॅनिटायझर काढून आधी स्वतःच्या, मग माझ्या हातावर ओतलं. करोनापासून ती बाटली तिच्या पर्समध्ये असते, घराच्या किल्लीसोबत.

वेरूळ मागे टाकलं, कसाबखेड्याच्या फाट्यावर डावीकडे वळलो. इथून पुढे मला गप्प बसवत नाही. दोन्ही बाजूंना वेचून राहिलेला कापूस, बांधाने तूर, मध्येच निसवायला आलेली ज्वारी. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा ज्वारीच्या पानांच्या कडा चमकतात. मी मावशीला दाखवत होते. मावशी घड्याळ बघत होती.

"साडेआठला पोहोचू," ती म्हणाली. "साडेआठ मी लिहून ठेवते."

साडेआठला पाच कमी असताना पोहोचलो. सगळं तसंच होतं. पत्र्याची शेड, सहा टेबलं, त्यातलं एक निळं. पुढे रस्ता. शेडच्या मागच्या भिंतीत एक दार आहे. त्यातून गेलं की कडुलिंबाचं झाड, झाडाखाली पाण्याचा सिमेंटचा हौद, आणि हौदासमोर स्वयंपाकाची खोली. खोलीला खिडकी आहे. हा नकाशा नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हॉटेल भानुदास आणि कौसाबाई या नवरा-बायकोचं आहे. तो पुढे, ती मागे तव्यावर. भानुदास पूर्वी वाळूजला कंपनीत होता. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी ही शेड टाकली. त्याने मला लगेच ओळखलं.

"ताई, टायर बदललं का? का अजून स्टेपनीवरच फिरू राह्यल्या?"

मागच्या वेळी त्याच्या दारातच माझी गाडी पंक्चर झाली होती. चाक मीच बदललं होतं. तो मदतीला धावला तेव्हा शेवटचा नट राहिला होता, ते त्याच्या मनाला लागून राहिलंय.

"बदललं," मी म्हणाले. "ही माझी मावशी."

"बसा मावशी, निवांत बसा." त्याने दोन पेले पाणी ठेवलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "बरं झालं आज आल्या. आज शहरातून गाडी येऊ राह्यली, चौदा मानसं. तो टूरवाला म्हने दर रविवारी आनतो, वेरूळ बघायच्या आधी नाष्टा तुमच्याकडं. पन मोबाइलवर लोकांनी कायबाय लिवलंय, ते वाचून त्यानं पाय मागं घेतला. आज सोता येऊन बघनार हाय."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर एक तारखेपासून परत वाळूज. कंपनीत बोलून ठेवलंय. नुसत्या गावच्या गिऱ्हाइकावर नाय भागत. अन् मी गेलो तर हिला एकटीला पुढचं-मागचं नाय जमायचं. कुलूप लागंल." त्याने फडक्याने निळं टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं. "मानसाला काय कमी पडतंय तेच कळंना ताई. मी सगळ्यांना पानी देतो, बसा म्हनतो. तरी लिवतात, कुनी इचारलं नाय."

मावशी पाण्याच्या पेल्याकडे बघत होती.

तो जाताना वळला. "मागं हौद हाय, मावशी."

"असू दे," मावशी म्हणाली. "आमचे हात स्वच्छ आहेत." आणि पुन्हा बाटली काढून दोन थेंब तळहातावर घेतले.

भानुदास मान हलवून गेला.

आम्ही बसलो. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मागून भाकरी थापल्यासारखा आवाज येत होता, लसूण आणि तिळाचा वास येत होता. माझ्या पोटाने उत्तर दिलं. मावशीने पर्समधून छोटी वही काढली.

पंधरा मिनिटांनी दोन मोटारसायकली आल्या. तिघे जण, पाठीला सॅक, डोळे लाल. वाळूजची रात्रपाळी करून देवगावला परतणारे. त्यांतला दाढीवाला भानुदासला ओरडून म्हणाला, "क्या भानूभाऊ, आज टेबल पुसून पुसून पत्रा पातळ करता क्या?" तिघेही मागे गेले, परत आले, बसले. ते बसतात न बसतात तोच मागून कौसाबाईचा आवाज आला, "काळं जर्किन, निळा शर्ट, टोपीवाला. तीन." भानुदास आत गेला आणि तीन ताटं घेऊन आला.

"आठ बेचाळीस," मावशी म्हणाली. ती वहीत लिहीत होती. "आपण आठ पंचवीस. हे बघ. माझं खोटं होतं का? सांग ना."

मी भानुदासला हाक मारली. "भाऊ, आमचं?"

"तुमचंच हाय ताई सगळं," तो हसून म्हणाला. "तुमची अजून कुनी मानसं यायचीत का?"

"नाही. दोघीच."

"मग बसा की निवांत. कोन उठवतंय."

मावशीने डबा टेबलावर ठेवला. झाकण उघडलं नाही, नुसता ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी डोळे चोळले. हीच माझी चूक आणि हेच माझं भाग्य. पेरूचं तिखटमीठ बोटांना होतं. सॅनिटायझरने जंतू मरत असतील, तिखट मरत नाही. डोळ्यात आग उठली. मी खुर्ची सारून मागच्या दाराने पळाले, हौदावरचा मग उचलला, हात चोळून चोळून धुतले, तोंडावर पाणी मारलं. पाणी गार होतं, दात वाजले. समोरच्या खिडकीत एक हात ओल्या फडक्यावर पिठाचा गोळा थापत होता.

डोळे मिचकावत परत आले. बसते तोच मागून आवाज, "हिरवी ओढनी, एक."

माझी ओढणी हिरवी होती.

भानुदासने माझ्यासमोर ताट ठेवलं. दोन धपाटी, घट्ट दही, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. वाफ येत होती. मावशीच्या समोर तिचा बंद डबा होता.

"बघितलंस?" मावशी हळू म्हणाली. "आता तर एका टेबलावर. तुला, आणि मला नाही."

मी ताटाकडे बघितलं. माझ्या ओल्या हातांकडे बघितलं. मागच्या वर्षीचं चाक आठवलं, कोपरापर्यंत काळे झालेले हात, गाडीतून उतरून थेट हौदावर गेले होते ते. माझ्या त्या लेखात धपाट्याच्या चवीवर चार परिच्छेद आहेत. पंक्चरवर अर्धी ओळ आहे.

मी उठून खिडकीशी गेले. कौसाबाईने वर बघितलं नाही, हात चालू होता. पन्नाशीची बाई, कपाळाला पीठ लागलेलं.

"कौसाबाई, कुणाला किती द्यायचं ते तुम्हाला कोण सांगतं?"

"कोन सांगायला पायजे? दिसतंय की." तिने हनुवटीने हौद दाखवला. "मानूस हात धुतंय, मी गोळा टाकते. तीन हात धुतले, तीन मानसाचं. ह्यांना नुसतं लुगडं-शर्ट सांगायचं."

"आणि जो हात धूत नाही?"

आता तिने वर बघितलं. "त्याला भूक नसंल."

"भूक असते. तो पुढे बसून वाट बघत असतो."

"हात न धुता?" तिचा हात थांबला. "हात धुतल्याबिगर मानूस ताटाची वाट कशी बघंल बाई?"

मी तिला सॅनिटायझर सांगितलं. ओले टिश्यू सांगितले. शहरात माणूस आधी बसतो, मग त्याला विचारतात, मग तो सांगतो, हे सांगितलं. ती ऐकत होती. तव्यावरचं धपाटं करपायला लागलं तेव्हा तिने ते उलटलं. तीन वर्षं या खिडकीतून तिला जग दिसत होतं, ते हौदापर्यंत. पुढची टेबलं तिला दिसत नाहीत.

भानुदास मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"मला वाटायचं, शहरातली मानसं दमून येतात," तो म्हणाला. "बसतात, फोटो काढतात, जातात. दिवाळीनंतर चार बायका आल्त्या, पाऊन तास बसल्या. म्हनलं, बसू दे, गप्पा मारू दे. घाई कशाला करा."

"त्यातली एक मी," मावशी मागून म्हणाली. ती केव्हा आली कळलं नाही. वही तिच्या हातात होती. "आम्ही फोटो काढायला नव्हतो आलो."

भानुदासचा चेहरा उतरला. "मग मावशी, हाक मारायची."

"मारली होती. तुम्ही म्हणालात, बसा निवांत."

"लोकांनी लिवलं ना, कुनी इचारत नाय म्हनून. तवापासनं मी जास्तच निवांत बसवाया लागलो."

मावशीच्या तोंडाचा कोपरा हलला. हसू नव्हतं ते अजून.

"पाटी लावा," मी म्हणाले. "आधी हात धुवा."

"नाय ताई." भानुदास एकदम ठाम झाला. "पाव्हन्याला हात धुवा म्हनायचं? म्हंजी तुमचे हात खराब हायेत म्हनायचं. मघाशी मावशींना नुसतं हौद हाय म्हनलं, तर मावशींना कसं लागलं, मी बघितलं की."

ते खरं होतं. मावशीने ते मान्य केलं नाही, पण नाकारलंही नाही. रस्त्याच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. चौदा माणसांची गाडी शेडपुढे लागत होती.

पुढची दहा मिनिटं मी परत परत आठवते आणि मला गंमत वाटते. मावशीने वही माझ्या हातात दिली. पदर खोचला. हौदावरचा प्लॅस्टिकचा मग उचलून नाक मुरडलं, आणि खिडकीतून आत हात घातला. "तांब्या द्या. आहे ना एखादा?"

कौसाबाईने स्टीलचा तांब्या दिला.

"लग्नात पाहुण्यांचं काय करतो आपण?" मावशी भानुदासला म्हणाली. "धुवा म्हणतो का? तांब्या घेऊन उभं राहतो. तुम्ही पुढे जा. म्हणा, चला, मागे पाणी काढून ठेवलंय. बाकी मी बघते."

गाडीतून माणसं उतरली. नागपूरकडची दोन कुटुंबं, म्हातारे, पोरं, झोपेतून उठलेले. भानुदासने पहिल्यांदा घाबरत म्हटलं, दुसऱ्यांदा नीट. लोक मागे आले. लिंबाखाली माझी मावशी तांब्या घेऊन उभी होती आणि एकेकाच्या हातावर पाणी घालत होती. पर्समधली बाटली टेबलावरच राहिली होती. "या. गार आहे हं, लहान मुलांना कोमट देते. आजोबा, सावकाश, शेवाळं आहे." खिडकीतून कौसाबाईचा आवाज चढत गेला. "पिवळी साडी, एक. चष्मेवाले बाबा, दोन. ती गुलाबी स्वेटरवाली पोरगी, तिला अर्धं, तीन." भानुदास ताटं घेऊन धावत होता. मीही दोन नेली, एक चुकीच्या टेबलावर.

रात्रपाळीचा दाढीवाला चहा पीत बघत होता. मी त्याला झालेला सगळा गोंधळ सांगितला.

"हमकू तो मालूम था," तो म्हणाला. "कोई पूछाच नै."

टूरवाला तिशीतला माणूस होता, हातात दोन फोन. तो शेडमधून फिरून लोकांची ताटं बघत राहिला. एका काकांनी त्याला थांबवून विचारलं, "त्या पाणी घालणाऱ्या बाई दर रविवारी असतात का?" त्याने भानुदासकडे बघितलं. भानुदासने मावशीकडे. मावशीने तांब्या पालथा घातला.

"पुढच्या रविवारी अठरा आहेत," टूरवाला म्हणाला. "आठला पोहोचू."

गाडी गेल्यावर मावशीने हात धुतले. तिच्या हातावर कौसाबाईने बाहेर येऊन पाणी घातलं. मग त्या दोघी हौदाच्या कठड्यावर बसल्या, आणि घरून खाऊन निघालेली असूनही मावशीने तीन धपाटी खाल्ली. माझं ताट केव्हाच गार झालं होतं. कौसाबाईने ते परत घेतलं आणि दुसरं दिलं. डब्यातले साटोरीचे तुकडे भानुदासला मिळाले.

कुणी जाणार असाल तर: संभाजीनगरपासून साधारण दीड तास, स्वतःची गाडी असलेली बरी. फाट्यानंतर पहिले काही किलोमीटर रस्ता गुळगुळीत, मग खड्डे. दोन धपाटी, दही, ठेचा सत्तर रुपये. चुरमुऱ्यांची सुशीला तीस, ती नऊच्या आत संपते. चहा गुळाचा, दहा. अकरानंतर जाऊ नका, कौसाबाई तवा उतरवते.

सोमवारी पुण्यात आले. स्वयंपाकघरात पोहे टाकले, हात धुतले, आणि क्षणभर उगाच थांबले. मागून कुणी माझ्या कपड्याचा रंग पुकारला नाही. मग बसून जुना लेख उघडला. चवीचे चार परिच्छेद तसेच ठेवले, पंक्चरची अर्धी ओळ सगळ्यात वर आणली.

मावशीने तिचा एक तारा काढला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्या दिवशी जे झालं ते झालंच. खाडाखोड करायची नाही." पण त्याखाली तिने एक ओळ लिहिली आहे, नकाशावर कुणालाही दिसेल. "हौद मागे आहे. आधी तिकडे जा."

काल भानुदासचा फोन आला. अठरा जण येऊन गेले. कंपनीला त्याने येत नाही म्हणून कळवून टाकलं. आणि रविवारी मावशी त्याच तीन मैत्रिणींना घेऊन आली होती, घरचा पितळी तांब्या पिशवीत घालून. स्टीलच्याची धार नीट पडत नाही म्हणाली. परत जाताना तो तिने हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"इसरल्या वाटतं," भानुदास म्हणाला. "नेऊन देऊ का?"

"राहू दे," मी म्हणाले. "ती काही विसरत नाही."